सोनाराची फुंकणी जिथे हरते

ईको गाडीचा सायलेन्सर चोरीला गेला, हे ऐकलं की पहिल्यांदा हसू येतं. गाडी जागच्या जागी, काचा शाबूत, स्टेपनी शाबूत. सकाळी चावी फिरवली की मात्र अख्खी गल्ली दणाणते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत अशा चोऱ्यांच्या बातम्या सारख्या येत राहिल्या. चोराला सायलेन्सरच्या पत्र्याशी काही घेणंदेणं नसतं. आत जाळीदार सिरॅमिकचा एक ठोकळा असतो, तो फोडून निघणारी राखाडी माती त्याला हवी असते. त्या मातीत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या तीन सख्ख्या भावंडांचा पातळ लेप असतो. इंजिनातून निघालेला विषारी धूर या लेपावरून जाताना बराचसा निवळतो. 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या कितीतरी पट वर गेला होता आणि भंगाराच्या धंद्यात ही माती किलोवर विकली जात होती.

अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या सराफ्यात मखमलीवर मांडलेली पांढरट अंगठी असते, तिचाच यातला पहिला धातू, प्लॅटिनम. गिऱ्हाईक आत बसून त्या अंगठीकडे बघून नाक मुरडतं, आणि चोर बाहेर गाडीखाली सरपटतो. दोघांत पारख कुणाची चांगली, हे सांगणं अवघड आहे.

नाक मुरडायला कारणही आहे. वऱ्हाडात दागिना म्हणजे पिवळा. डोरलं पिवळं, एकदाणी पिवळी, गोफ पिवळा. लग्नाच्या खरेदीला आलेल्या कुटुंबापुढे दुकानदार हौसेने प्लॅटिनमच्या जोड-अंगठ्यांचा ट्रे काढतो, तेव्हा होणारा संवाद साधारण असा असतो.

"हे तं चांदीच दिसते न जी."

"चांदी नाही काकू, प्लॅटिनम आहे."

"मंग काळं पडन का?"

"नाही पडत. पन्नास वर्षांनी बघा, अशीच राहील."

"बरं. मोडीत किती येते?"

पहिले दोन प्रश्न रसायनशास्त्राचे, तिसरा अर्थशास्त्राचा, आणि दुकानदाराची गाडी नेमकी तिथे अडते. सोन्याची मोड अकोटला होते, दर्यापूरला होते, मूर्तिजापूरलाही होते. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवेत म्हणून बांगड्या सोनेतारणात ठेवता येतात. प्लॅटिनमची अंगठी त्या खिडकीवर ठेवली तर बहुधा तशीच परत हातात येते. जिथून घेतली त्याच दुकानात किंवा तशाच एखाद्या मोठ्या पेढीत तिला गिऱ्हाईक. भावाचंही तेच. मार्च 2008 मध्ये प्लॅटिनम औंसाला 2,200 डॉलरच्या वर गेलं होतं, तेव्हा सोनं हजाराच्या आसपास होतं. 2015 पासून मात्र सोनं पुढे निघून गेलं. दुर्मीळ वस्तू महागच असणार, हा आपला समज इथे खोटा ठरतो. जगातल्या खाणींतून वर्षाला तीन हजार टनांहून जास्त सोनं निघतं, तर प्लॅटिनम पावणेदोनशे टनांच्या आसपास. तरी सोनं महाग, कारण सोन्यामागे बँका आहेत, सरकारं आहेत आणि बियाण्यासाठी बांगडी काढून देणारी घरधनीण आहे. काकूंचा प्रश्न माझ्या मते त्या दुकानातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. गुंतवणूक म्हणून हा धातू घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही.

पण ती अंगठी एकदा हातात घेऊन बघावी. ती आपल्या आकाराच्या मानाने विलक्षण जड लागते. प्लॅटिनमची घनता 21.45; चांदीची साडेदहा आणि चोख सोन्याची 19.3. म्हणजे पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत प्लॅटिनम ओतलं, तर ती बाटली साडेएकवीस किलोची होईल आणि एका हाताने उचलताना मनगट कुरकुरेल. बावीस कॅरेट सोन्याची दहा ग्रॅमची अंगठी जशीच्या तशी दागिन्याच्या प्लॅटिनममध्ये घडवली, तर ती साडेअकरा ग्रॅमच्या वर जाते. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहिलं की बारीक अक्षरांत 'पीटी 950' असा छाप दिसतो. हजारातले 950 भाग प्लॅटिनम आणि उरलेल्या पन्नास भागांत इरिडियम, रुथेनियम, कोबाल्ट अशी भर, असा त्याचा अर्थ. बावीस कॅरेट सोन्यात हजारी 916 भाग सोनं असतं, तेव्हा शुद्धतेच्या हिशेबात ही चांदीसारखी दिसणारी अंगठी सोन्याच्या पुढेच बसते.

तिच्याच शेजारच्या ट्रेमध्ये व्हाइट गोल्डच्या अंगठ्या असतात. दिसायला जुळ्या बहिणी, पण व्हाइट गोल्ड हे मुळात पिवळंच सोनं. त्यात पॅलॅडियम किंवा निकेल मिसळून त्याचा रंग मारलेला असतो आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा दिलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत बोटाच्या घर्षणाने मुलामा झिजतो, खालचा पिवळसरपणा डोकावू लागतो, आणि अंगठी पुन्हा मुलाम्याला न्यावी लागते. प्लॅटिनमचा पांढरेपणा अंगचा असतो. त्यावर चरे पडतात, हे दुकानदार लवकर कबूल करत नाहीत. पण चरा पडताना सोन्याचा कण निघून जातो, तर प्लॅटिनमचा बराचसा जागच्या जागी सरकतो. चऱ्याच्या कडेला धातूची बारीकशी वरंब उठते. त्यामुळे वर्षानुवर्षं वापरलेली अंगठी मंद, धुरकट होते, पण तिचं वजन फारसं घटत नाही. हिरा पकडून ठेवणाऱ्या नखांना हा गुण फार मोलाचा आहे. सोन्याचं नख झिजून एक दिवस हिरा सुटतो. प्लॅटिनमचं नख धरून बसतं.

चांदी की प्लॅटिनम, हा काकूंचा पहिला संशय जुन्या सराफाने कसोटीवर सोडवला असता. काळ्या दगडावर दोन रेघा ओढायच्या आणि त्यांवर शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब सोडायचा. चांदीची रेघ बघता बघता विरघळते. प्लॅटिनमची ढिम्म हलत नाही. सोन्याला विरघळवणारं आम्लराजही तिच्यावर थंड असताना चालत नाही, ते तापवावं लागतं. आता दुकानात टंच काढायचं यंत्र असतं. दागिना झाकणाखाली ठेवला की क्ष-किरण पडतात आणि पडद्यावर टक्के उमटतात. कसोटीचा दगड बऱ्याच ठिकाणी गल्ल्याच्या खणात पडून असतो.

अंगठी विकणारे सराफ गावोगाव झाले, पण ती घडवणारा सोनार वऱ्हाडात शोधायला गेलात तर हाती फार काही लागायचं नाही. बहुतेक माल मुंबईसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून तयार होऊन येतो. कारागिरांत हुन्नर कमी आहे असं मुळीच नाही. हा धातूच आपल्या शेगडीला भीक घालत नाही. चांदी 962 अंशांना वितळते, सोनं 1064 अंशांना. कोळशाची शेगडी, मूस, फुंकणी आणि सोनाराची छाती एवढ्या भांडवलावर ही मजल मारता येते, आणि माणसाने हजारो वर्षं ती मारली. प्लॅटिनम वितळायला 1768 अंश लागतात. लोखंडाचं पाणी होतं त्याच्याही हे दोनशेहून अधिक अंश वर. तिथे कोळसा हरतो, फुंकणी हरते, घरगुती गॅसची नळीही हरते. ऑक्सिजनच्या जोडीने पेटवलेली ज्योत किंवा विजेची इंडक्शन भट्टी लागते. त्या तापमानाला रस इतका पांढराशुभ्र तळपतो की वेल्डरच्या काळ्या चष्म्याशिवाय बघितलं तर डोळे जातील.

आणि तापमान गाठलं म्हणून झालं, असंही नाही. सोन्याला चालणारी ग्रॅफाइटची मूस इथे चालत नाही. वितळलेलं प्लॅटिनम कार्बन पिऊन घेतं आणि थंड झाल्यावर ठिसूळ होतं. म्हणून मूस खास सिरॅमिकची. सोन्याच्या रसात मळी वर यावी म्हणून चिमूटभर टाकणखार टाकतात, प्लॅटिनमला त्याची गरज नाही, कारण हवेत कितीही तापवा, त्यावर गंज चढत नाही की काळिमा येत नाही. रस साच्यात ओतायला मिळतात ते जेमतेम काही क्षण. तेवढ्यात तो थिजू लागतो. मग घासकाम. सोन्यावर वापरलेली कानस प्लॅटिनमला लावायची नाही, कारण कानशीच्या दातांत अडकलेला सोन्याचा एखादा कण पुढच्या तापवणीत प्लॅटिनममध्ये शिरून डाग पाडतो. हत्यारं वेगळी, पेटी वेगळी, घासून पडलेला कीसही वेगळा जपायचा. सराफ्यात दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी असतात. त्यांच्या पाटीत पिढ्यान्‌पिढ्या सोनं आणि चांदी सापडली. प्लॅटिनमचा कण सापडला, तरी तो त्यांच्या भट्टीत तसाच कोरडा बसून राहील.

एक गोष्ट मात्र कारागिराला सुखावणारी आहे. प्लॅटिनम कमालीचं तन्य आहे. एका ग्रॅमची तार ओढत गेलात तर ती दोन किलोमीटरपर्यंत जाते, असं सांगतात. केसाहून बारीक तारेतही ताकद टिकते. हिऱ्याभोवती धातू जवळजवळ दिसू नये, नुसता प्रकाश तरंगावा, अशी नक्षी या एका गुणामुळे शक्य झाली.

अशा हट्टी धातूशी माणसाची गाठ पडली तीही मोठी मजेदार आहे. आजच्या कोलंबियातल्या चोको भागात स्पॅनिश लोक नदीच्या वाळूतून सोनं धूत असत. सोन्याबरोबर पाटीत पांढरे, जड, निबर कण उरत. ते वितळत नसत आणि सोन्यात मिसळले की सोनं बिघडत असे. स्पॅनिश सरकारला भलतीच भीती वाटली. हा धातू सोन्याइतका, किंबहुना त्याहून जड. सोन्यात भेसळ केली तर वजनावरून कळणार नाही. म्हणून टांकसाळीत वेगळे काढलेले कण नदीत फेकून द्यायचे हुकूम निघाले. आज ज्याच्यासाठी माणसं रात्री गाड्यांखाली शिरतात, ते राजाज्ञेने नदीत बुडवलं जात होतं! 1735 मध्ये पृथ्वीचा आकार मोजायला निघालेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर अंतोनियो दे उयोआ हा तरुण स्पॅनिश अधिकारी दक्षिण अमेरिकेत गेला. 1748 मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात त्याने या नाठाळ धातूची नोंद केली, आणि युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांचं कुतूहल चाळवलं.

पण ज्याला युरोप नाठाळ म्हणत होता, तो धातू त्याच भागातल्या सोनारांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वठणीवर आणला होता. आजच्या इक्वेडोर-कोलंबियाच्या सीमेवर ला तोलिता नावाच्या ठिकाणी सापडलेल्या दागिन्यांत प्लॅटिनम आहे. नाकातल्या कड्यासुद्धा आहेत. त्यांच्याकडे 1768 अंशांची भट्टी नव्हती. आपल्या सोनारासारखीच फुंकणी होती. मग केलं काय? प्लॅटिनमचे कण आणि सोन्याचा कीस एकत्र तापवला. सोनं वितळलं, कणांच्या फटींत शिरलं आणि त्याने त्यांना एकमेकांना चिकटवलं. मग ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. हळूहळू सगळं एकजीव होऊन पांढरट, घडवता येण्याजोगा पत्रा तयार झाला. प्लॅटिनम वितळवलंच नाही, वितळवल्याशिवाय वळवलं. धातुभुकटी तापवून दाबून वस्तू बनवायची ही रीत आजच्या कारखान्यांत रुळलेली आहे. या सोनारांचं नाव-गाव कुठेही लिहिलेलं नाही.

युरोपला इथवर यायला अठरावं शतक संपत आलं. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा सोनार मार्क एतिएन जानेती याने प्लॅटिनममध्ये संखिया, म्हणजे आर्सेनिक, मिसळून त्याचा वितळांक खाली आणला, हवी ती वस्तू ओतली आणि मग तापवून विष उडवून लावलं. त्याने 1786 मध्ये घडवलेलं साखरेचं भांडं आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चहाच्या टेबलावरची साखर संखियाच्या भट्टीतून निघालेल्या भांड्यात! पुढे क्रांती झाली, राजाचं डोकं उडालं, पण जानेतीची गरज क्रांतिकारकांनाही भासली. नव्या मापनपद्धतीसाठी मीटर आणि किलोग्रॅमचे 1799 चे नमुने त्याच्याच हातून प्लॅटिनममध्ये घडले. पुढच्या शतकात त्यांची जागा प्लॅटिनम-इरिडियमच्या नव्या नमुन्यांनी घेतली आणि 1889 मध्ये पॅरिसजवळ एक ठोकळा जगाचा किलोग्रॅम म्हणून मान्य झाला. उंची आणि व्यास दोन्ही जेमतेम चार सेंटिमीटर. त्याची 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. अमरावतीच्या सराफाचा काटा वैधमापन निरीक्षक तपासतो, त्या विभागाची वजनं नागपूरसारख्या ठिकाणच्या प्रादेशिक प्रयोगशाळेशी ताडली जातात, तिथून ती साखळी दिल्लीला आणि दिल्लीहून पॅरिसला पोचते. किलोग्रॅमची व्याख्या 20 मे 2019 रोजी बदलली. तोवर वऱ्हाडातला सोन्याचा प्रत्येक तोळा शेवटी प्लॅटिनमशीच तोलला जात होता, आणि ते घेणाऱ्या-देणाऱ्या कुणाच्या गावीही नव्हतं.

रशियाला उरल पर्वतात भरपूर प्लॅटिनम सापडलं तेव्हा झारने 1828 ते 1845 या काळात त्याची चक्क नाणी पाडली. स्पेनमध्ये तर याहून गंमत झाली. एकोणिसाव्या शतकात प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त होतं, म्हणून बनावट नाणी पाडणाऱ्यांनी प्लॅटिनमवर सोन्याचा मुलामा चढवून खोट्या मोहरा खपवल्या. वजन चोख भरायचं! आता त्या खोट्या मोहरांसाठी संग्राहक आवर्जून पैसे मोजतात. हा प्रकार इतिहासजमा झाला असं समजू नये. सोन्यात रुथेनियम-इरिडियमची पूड मिसळण्याचा धंदा आपल्याकडच्या सराफ्यांनाही चांगला ठाऊक आहे. ही पूड सोन्यात विरघळत नाही, नुसती आत दडून बसते. वजन मात्र देते. इरिडियम तर सोन्याहूनही जड. स्पॅनिश टांकसाळीने ज्या कुटुंबाला नदीत बुडवलं, त्यातलीच ही धाकटी मंडळी.

दागिन्यात प्लॅटिनमचं राज्य आलं ते 1900 च्या आसपास. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीने ते वितळवायची विद्या तोवर कारखान्यांत पक्की झाली होती आणि दक्षिण आफ्रिकेतून हिरे येऊ लागले होते. त्याआधी हिरा चांदीत बसवत. चांदी काळी पडे आणि ती मजबूत राहावी म्हणून कोंदण जाडजूड करावं लागे. पॅरिसच्या कार्टियरने प्लॅटिनमच्या तारेत हिरे गुंफले आणि दागिन्याची जाळीदार लेस झाली. 1928 मध्ये पतियाळाच्या महाराजांसाठी कार्टियरने घडवलेल्या हारात 2,930 हिरे होते आणि सांगाडा प्लॅटिनमचा. 1937 मध्ये ब्रिटनच्या राणीसाठी घडवलेला मुकुटही प्लॅटिनमचा, आणि त्यात बसवलेला मधला हिरा म्हणजे आपला कोहिनूर.

मराठी माणसाने या दुनियेत पाऊल टाकलं ते इंदूरहून. तुकोजीराव होळकरांनी 1913 मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, प्रत्येकी सुमारे 47 कॅरेटचे. जगात ते 'इंदूर पेअर्स' म्हणून ओळखले जातात. त्यांचे चिरंजीव यशवंतराव म्हणजे ज्यांनी इंदुरात माणिकबाग हा त्या काळातला सगळ्यात आधुनिक राजवाडा बांधला, ते. 1930 च्या दशकात बूते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांचं मराठी पोशाखातलं चित्र काढलं. डोक्यावर होळकरी पगडी, अंगात पांढराशुभ्र अंगरखा, गळ्यात ते दोन हिरे. चित्रात पिवळं काही शोधावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या सोनं, माणिक, पाचू अंगावर वागवणाऱ्या मराठी दरबारात एक राजा पांढऱ्यावर पांढरं लेतो, याचं तेव्हा इंदूरच्या सराफ्यात काय कौतुक झालं असेल किंवा काय नाकं मुरडली गेली असतील, याची मी नेहमी कल्पना करतो. 1946 मध्ये ते हिरे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे गेले. दरम्यान दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्लॅटिनम युद्धसामग्रीत धरून दागिन्यांना बंद केलं आणि त्या पोकळीत व्हाइट गोल्डने आपलं बस्तान बसवलं.

युद्धाला प्लॅटिनम कशाला, तर नायट्रिक आम्ल बनवायला. अमोनिया वायू आणि हवा प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तापलेल्या जाळीतून सोडली की आम्ल बनतं. आम्लापासून स्फोटकं बनतात, तशी खतंही बनतात. वऱ्हाडातल्या कपाशीला पडणाऱ्या सुफला 15:15:15 च्या पोत्यामागे मुंबईच्या तुर्भ्यातल्या कारखान्यातली अशी जाळी आहे. अंगठी न घेणाऱ्यांपर्यंतही प्लॅटिनम पोचतं ते असं. आणखी एका वाटेने ते पोचतं, तिचा उल्लेख टाळता येत नाही. बार्नेट रोझेनबर्ग 1965 मध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते, तर प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून सुटलेल्या संयुगामुळे जिवाणूंची विभागणीच थांबली. त्यातून सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध निघालं. खर्रा खाऊन तोंड गमावलेल्या आपल्याकडच्या रुग्णांना किरणोपचाराबरोबर देतात ते बहुधा हेच. त्याच्या 50 मिलिग्रॅमच्या कुपीत 32 मिलिग्रॅमहून थोडं जास्त प्लॅटिनम असतं.

आता हा धातू येतो कुठून, तेवढं बघू. वऱ्हाडाची बहुतेक भूमी ज्या काळ्या दगडावर उभी आहे, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झाला. अशाच लाव्ह्याच्या प्रचंड पठाराखाली, सैबेरियात नोरिल्स्कला, पॅलॅडियम-प्लॅटिनमचे जगातले एक अतिश्रीमंत साठे आहेत. मग आपल्याकडे का नाहीत? तिथला शिलारस वर येताना गंधकाने भरलेल्या खडकांतून आला. गंधकाचे जड थेंब बनले, आणि प्लॅटिनमचं गंधकाशी एवढं सख्य की रसात विखुरलेला कण न्‌ कण त्या थेंबांनी गोळा करून तळाशी नेला. दख्खनच्या पठारात असा साठा अजून तरी हाती लागलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत दोन अब्ज वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखालीच थिजला आणि त्यात प्लॅटिनमचा एक पातळ थर बसला. हान्स मेरेन्स्की यांनी 1924 मध्ये तो शोधला. जाडी बहुतेक ठिकाणी माणसाच्या कमरेपर्यंतही नाही, पण पसारा शेकडो किलोमीटरचा. जगातलं सुमारे सत्तर टक्के प्लॅटिनम आज त्या देशातून येतं. एक टन खडक फोडावा तेव्हा या कुटुंबातले धातू मिळून काही ग्रॅम हाती येतात.

साध्या खडकात तर टनाला काही मिलिग्रॅमच. याचं कारण पृथ्वीच्या बालपणात आहे. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा लोखंड बुडून गाभ्यात गेलं आणि जाताना प्लॅटिनमला बरोबर घेऊन गेलं. पृथ्वीवरचं बहुतेक सगळं प्लॅटिनम आपल्या पायाखाली तीन हजार किलोमीटर खोल आहे आणि तिथेच राहणार. आपल्या वाट्याला जे वर आहे, ते कवच थिजू लागल्यानंतर कोसळलेल्या उल्कांनी आणून टाकलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दगडी उल्केत टनाला सुमारे एक ग्रॅम प्लॅटिनम असतं, म्हणजे आपल्या खडकाच्या शेकडो पट.

अशी एक उल्का वऱ्हाडातच पडलेली आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. पावणेदोन किलोमीटरहून रुंद, दीडशे मीटर खोल, आणि काळ्या बेसाल्टमध्ये उमटलेलं जगातलं अगदी दुर्मीळ विवर. त्याचं वय काही मापनांनी पन्नास हजार वर्षं, तर नव्या मापनांनी पाच-सहा लाख वर्षं येतं. आदळणारी उल्का जागीच वाफ होऊन गेली, पण वितळून उडालेल्या खडकाचे मोहरीहून बारीक काचगोळे विवराभोवतीच्या मातीत सापडले. ते प्रयोगशाळेत तपासले, तर त्यांत निकेल, कोबाल्ट, क्रोमियमबरोबर इरिडियमही आजूबाजूच्या खडकापेक्षा जास्त निघालं. इरिडियम म्हणजे प्लॅटिनमचा पाठचा भाऊ. अंगठीत पाच टक्क्यांच्या भरीत येतो तोच. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा अवघ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे गेलं, आणि हे गोळे तेव्हाही तिथल्या मातीत पडून होते.

उल्कांत तरी हे प्लॅटिनम कुठून आलं? साध्या ताऱ्याच्या पोटात लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं सहज शिजतात, प्लॅटिनमसाठी ती भट्टीही अपुरी पडते. न्यूट्रॉन तारे नावाचे, शहराएवढ्या आकारात सूर्याहून जास्त वस्तुमान कोंबलेले गोळे एकमेकांवर आदळतात, तेव्हा अशी जड मूलद्रव्यं बनतात. ही केवळ कल्पना होती, ती 17 ऑगस्ट 2017 पर्यंत. त्या दिवशी तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या अशा टकरीची गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी आणि इटलीतल्या व्हर्गोने टिपली. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि निवत जाणाऱ्या त्या प्रकाशात ताज्या बनलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही पुढचे काही महिने त्या जागेवरच्या रेडिओ लहरी ऐकल्या.

याच जातीचं तिसरं लायगो यंत्र आता वाशीमची हद्द ओलांडली की लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभं राहायचं आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने त्याला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत निर्वात पोकळी आणि लेसर. प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पट लहान एवढा लांबीतला फरक ते मोजेल. अमेरिकेतली दोन यंत्रं एकाच खंडात असल्याने लहर आली हे त्यांना कळतं, पण आकाशात नेमकी कुठून, ते नीट ठरत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला हिंगोलीचा कान लागला की ती दिशा कितीतरी नेमकी सांगता येईल, आणि दुर्बिणी टकरीच्या जागेवर लवकर वळवता येतील.